मिनिमलिस्ट बेडरूम करायचीय, पण सामान जाणार कुठे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर नवा टू बीएचके घेतलाय, बेडरूम ११ बाय १२ ची, खिडकी पश्चिमेला, आणि तुम्हाला हवीय मिनिमलिस्ट म्हणजे कमीत कमी वस्तू दिसणारी खोली, सगळं पांढरं, जमिनीलगतचा बेड, बिनहँडलचं भिंतभर वॉर्डरोब, आणि भिंतीवर काही म्हणजे काहीच नको. सासूबाई म्हणतात हॉस्पिटल वाटेल. आणि तुम्ही विचारताय की यात खरंच तोटे आहेत की जुन्या माणसांना सवय नसते म्हणून त्यांना तसं वाटतं.

दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. मी फोंड्यात राहून इंटिरियरची कामं करतो, वीसेक वर्षं होत आली, आणि गेल्या काही वर्षांत येणारं जवळपास प्रत्येक नवीन जोडपं मोबाईलमध्ये हाच फोटो घेऊन येतं. फोटो वाईट नाही, मलाही आवडतो. पण तो ज्या घरात काढलाय तिथे जुलै महिना आपल्यासारखा नसतो, गणेश चवथीला आठ माणसं राहायला येत नाहीत, आणि फोटो काढायच्या आधी खोलीतलं सगळं सामान बाजूच्या खोलीत ढकललेलं असतं हे आपल्याला दिसत नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न स्टाईल चांगली की वाईट हा नाहीच. खोली रिकामी दिसायची तर सामान कुठेतरी बंद करून ठेवावं लागतं, आणि गोव्यात बंद जागेत ठेवलेल्या वस्तूचं काय होतं हा आहे.

आधी एक सांगतो, बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. दोघंच राहता की सासूबाईही कायमच्या सोबत आहेत, एसी रोज लावता की नाही, घर वर्षभर उघडं असतं की मिस्टर बोटीवर असले की तुम्ही माहेरी आणि फ्लॅटला चार महिने कुलूप, यावर उत्तर बदलतं. कुलूप राहणार असेल तर पुढे लिहिलंय ते सगळं दुप्पट धरा. तळमजला असता तर मी आणखी कडक बोललो असतो, तिसरा मजला आहे म्हणजे जमिनीची ओल वर चढायचा त्रास तुम्हाला नाही, पण पश्चिमेची भिंत आहे, म्हणजे पावसाचा मारा थेट त्याच भिंतीवर. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपई-सांग्याकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैऋत्येकडून. तुमची खिडकी त्याच्या तोंडावर आहे.

आता बेड. फोटोतला बेड जमिनीपासून आठ-दहा इंचावर असतो आणि खालून सगळीकडून बंद असतो, एक तर नुसता प्लॅटफॉर्म, नाहीतर आत स्टोरेज आणि झाकण उचलायला हायड्रॉलिक. स्टोरेजवालाच बहुतेक जण घेतात, कारण बाकी खोली रिकामी ठेवायची तर रजया, पाहुण्यांच्या गाद्या, सुटकेसी कुठेतरी जायलाच हव्यात. ताळगावात एका घरी मला बेडच्या वासाची तक्रार म्हणून बोलावलं होतं, काम दुसऱ्या कोणाचं होतं. सप्टेंबर संपत आलेला. गादी उचलली तर खालच्या बाजूला काळे-हिरवट ठिपके, पैशाएवढे, एकमेकांत मिसळलेले, पूर्ण गादीभर. फक्त चार ठिकाणी वीत-वीतभर गोल स्वच्छ. प्लायला सुताराने हवेसाठी चार भोकं पाडली होती, त्यांच्याच वर बरोबर ते चार गोल होते. बाकी कुठेही हवा लागली नव्हती. आत खोक्यात लग्नातला शालू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला, जरतार काळी पडलेली. बाईंचा जीव त्या शालूत अडकला होता, गादीचं त्यांना काहीच वाटलं नाही.

माणूस झोपेत घाम सोडतो, श्वासातून बाष्प सोडतो, ते गादीत मुरतं आणि खाली जायला वाट नसेल तर तिथेच थांबतं. आपल्या जुन्या घरांतली खाट बघा, उंच पाय, खाली पत्र्याची ट्रंक सहज जाईल इतकी जागा, खालून वारा खेळता. त्यात कोणाची फार मोठी हुशारी होती असं नाही, तशी नसती तर गादी कुजलीच असती. शिवाय खाली टेकलेल्या बेडखाली वाळवी शिरली तर पहिले सहा महिने कळत नाही, आणि सासूबाई कधी त्या खोलीत झोपणार असतील तर दहा इंचांवरून उठताना गुडघ्यांचं काय होतं ते त्या सांगतील. गादी धरून १८ ते २० इंच उंची ठेवा, खाली मोकळे पाय, वर सलग प्लायऐवजी फळ्यांच्या पट्ट्या, मध्ये दोन-अडीच इंचाची फट. दिसायला हलकाच वाटतो, खरं तर खोक्यापेक्षा हलका, कारण खालची लादी दिसत राहते.

यात एक गंमत आहे बघा. हे फोटो बरेचसे जपानी खोल्यांवरून उचललेले असतात. जपानी पारंपरिक खोली रिकामी दिसते हे खरं, पण तिच्या एका भिंतीत ओशिइरे नावाचं कपाट असतं, साधारण तीन फूट खोल, आपलं वॉर्डरोब दोन फूट असतं. रोज सकाळी गादी गुंडाळून त्यात जाते. ऊन असलं की ती बाहेर कठड्यावर टाकून वाळवतात, कारण त्यांच्याकडेही जून-जुलैत पावसाळी मोसम असतो आणि दमटपणा त्यांनाही छळतो. म्हणजे ती खोली रिकामी राहते ती एका मोठ्या कपाटाच्या आणि रोजच्या कामाच्या जिवावर. आपण फोटोतला रिकामेपणा घेतो, कपाट दोन फुटांचं करतो आणि गादी रोज कोणी उचलत नाही.

आणि रोजचं काम म्हटलं तर ते कोण करणार हेही घरात आत्ताच बोलून घ्या. भरलेल्या खोलीत खुर्चीवर दोन कपडे पडले तर ते खुर्चीवरचे कपडे असतात, पांढऱ्या रिकाम्या खोलीत तेच दोन कपडे पसारा दिसतो. म्हणजे सतत कोणीतरी उचलत राहायचं. माझ्या बघण्यात ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला येतं, आणि साधारण एका वर्षात दाराच्या मागे चार हूक लागतात, मग हूकांवर पिशव्या, मग बेडच्या बाजूला प्लास्टिकचं स्टूल, कारण पाण्याचा तांब्या, चष्मा, गोळ्या आणि चार्जर ठेवायला जागाच केलेली नसते. तेव्हा दोन्ही बाजूंना एक-एक ड्रॉवर तरी ठेवाच, त्यावर वाद नको.

वॉर्डरोबचं जरा सविस्तर सांगतो कारण पैसे तिथेच जातात. बिनहँडलचं म्हणजे बहुतेक सुतार पुश टू ओपन लावतात, दाबलं की दार सुटतं. त्यात तीन भानगडी. एक, दार दाबून उघडायचं म्हणजे रोज त्याच जागी तळवा लागणार, आणि पांढऱ्या मॅट लॅमिनेटवर महिन्याभरात छातीच्या उंचीला करडे डाग उमटतात, ते ओल्या फडक्याने निघत नाहीत, पसरतात. दोन, आतली ती छोटी यंत्रणा आणि बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने धरतात, मिरामार-कोलव्याच्या बाजूला जास्तच, पर्वरीला जरा कमी. तीन, आणि हे कोणी आधी सांगत नाही, हे असं सपाट काम चांगलं दिसायचं तर दोन दारांमधली फट दोन-तीन मिलिमीटर ठेवावी लागते, आणि पावसात लाकूड फुगलं की ती फट संपते. जुलैत दार अडकतं, जानेवारीत परत नीट. सुतार येतो, रंधा मारतो, जानेवारीत मग फट मोठी दिसते. त्यापेक्षा दाराच्या उभ्या कडेलाच आत खाच पाडून प्रोफाइल हँडल करा, बाहेरून काही दिसत नाही आणि बोटं घालून दार ओढता येतं. तुमची हौस राहते, कपाटही राहतं.

माल मात्र स्वस्त घेऊ नका. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचं, तयार वॉर्डरोब पांढरं आणि गुळगुळीत मिळतं, कडेला ओल शिरली की तिथून पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही. बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, मरीन प्लाय मागा, त्याच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, साधा बीडब्ल्यूआर पाण्यात त्याहून कमी टिकतो, तो आयएस ३०३ मध्ये येतो. निदान खालची दोन फूट, पाठीची फळी आणि लॉफ्ट तरी मरीनमध्ये. शिक्का स्वतः बघा, बिलावर लिहून घ्या.

आता बुरशी, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिच्या. भिंतभर कपाट, छतापर्यंत, कुठेही फट नाही, पाठ बाहेरच्या भिंतीला चिकटलेली, ही बुरशीसाठी केलेली सोयच आहे. वर एसी. पावसाळ्यात बाहेर २८ डिग्री आणि ९० टक्के दमटपणा असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २६ च्या आसपास येतो, म्हणजे २६ पेक्षा थंड कुठलीही वस्तू त्या हवेत आली की तिला घाम फुटणार. तुम्ही रात्रभर एसी २२ वर लावता, सकाळी बंद करून खिडकी उघडता कारण मोकळी हवा हवी, आणि ती मोकळी हवा थंड झालेल्या भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर, चामड्याच्या पट्ट्यावर पाणी सोडते. पट्टा आठवड्यात हिरवा. त्यामुळे पावसाळ्यात एसी २५-२६ वर ठेवा, सकाळी लगेच खिडकी न उघडता तासभर पंखा चालू द्या मग उघडा, आणि खोलीतला दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा, ते मोजायचं छोटं यंत्र फार महाग नसतं. वर्षभर राहणार असाल आणि बजेट असेल तर शोभेच्या वस्तूपेक्षा डीह्युमिडिफायर घ्या, मी हे सगळ्यांना सांगतो आणि कोणी घेत नाही, मग दुसऱ्या पावसाळ्यात फोन येतो कुठला चांगला म्हणून. कपाटात कॅल्शियम क्लोराईडचे डबे ठेवतात, ते पाणी ओढतात हे खरं पण बंद कपाटापुरतेच, आणि भरले की वेळेवर फेकायला हवेत, कपड्यांवर सांडले तर नवीन उपद्व्याप.

कपाटासाठी म्हणून, पाठ आणि भिंत यांच्यात दोन इंच जागा, खाली चार इंचाचे पाय किंवा जाळी लावलेला प्लिंथ म्हणजे खालची बैठक, वर छताला चिकटवायचं असेल तर पट्टीत जाळी. एक तरी दार लुव्हरचं करा, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचं, त्यात रोजचे कपडे. वेताची जाळी सध्या फॅशनमध्ये आहे, हवा तिच्यातून छान खेळते पण पावसात तिच्यावरच बुरशी धरते, ब्रशने साफ करायची तयारी असेल तरच.

पांढऱ्या रंगाबद्दल. पांढरा रंग खोली मोठी दाखवतो, उजेड वाढवतो, मान्य. पण आपल्याकडे चिऱ्याची लाल धूळ आहे, खिडकीच्या ग्रिलवरून गंजाचे ओघळ येतात, आणि बुरशीचा पहिला ठिपका पांढऱ्यावरच ठळक दिसतो. तसा हा फायदाही आहे, लवकर कळतं. पांढऱ्या चादरींचं मात्र गणितच उलटं होतं. मिनिमलिझमवाले म्हणतात दोन सेट पुरे. जुलैत चादर वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेही पंख्याखाली, त्यात ती कुबट वास मारायला लागली तर परत धुवा. गावच्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पांढरं पिवळट होतं ते वेगळं. तेव्हा इथे चार सेट लागतात, म्हणजे कमी सामानाच्या खोलीला आपल्या हवेत जास्त सामान लागतं. भिंतीला मी साधा चुना किंवा चुन्याचा तयार लाईमवॉश सुचवेन, चुना क्षारीय असतो म्हणून त्यावर बुरशी सहज धरत नाही, शिवाय तो अगदी सपाट पांढरा दिसत नाही, त्याला थोडी छटा येते. चमकदार प्लास्टिक पेंटखाली भिंतीतली ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात.

आता सासूबाईंचं हॉस्पिटल. त्या बरोबर बोलतायत, फक्त दोष रिकामेपणाचा नाही. हॉस्पिटलसारखं वाटतं ते पांढऱ्या थंड लाईटमुळे, चकचकीत मोठ्या लाद्यांमुळे आणि आवाजामुळे. मोठ्या व्हिट्रिफाईड टाईल्स, जिप्समचं सीलिंग, उघडी काच, सपाट लॅमिनेट, सगळं टणक, आवाज कशातच शोषला जात नाही, तो इकडून तिकडे आपटत राहतो. फोनवर बोललात तरी घुमतं, शेजारच्या खोलीतला टीव्ही जास्त ऐकू येतो. भरलेल्या खोलीत पडदे, कपडे, पुस्तकं, गोधड्या हे काम गुपचूप करत असतात. तुमच्या खोलीत तेवढं कापड परत आणावं लागेल, खिडकीला दोन थरांचे पडदे, कापड रुंदीच्या दुप्पट म्हणजे नीट चुण्या पडतील, मागचा थर जाड. पश्चिमेच्या खिडकीला ते तसेही हवेतच, नाहीतर मार्च ते मे दुपारची वामकुक्षी विसरा, नुसत्या रोलर ब्लाइंडने ते ऊन अडत नाही. खाली कार्पेट नको, पावसात सडतं, सुती सतरंजी टाका, मशीनमध्ये धुता येते. भिंतीला किंवा बेडच्या पायथ्याला एखादी कुणबी साडीची लाल चौकडी आली तर कोणीही तिला पसारा म्हणणार नाही. आणि लाईट ६५०० केल्विनचा पांढराफटक नको, २७०० ते ३००० चा उबदार घ्या, सीलिंगमधल्या एकाच पट्टीवर सगळं सोडू नका, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळला की पूर्ण खोली अंधारात आणि त्या दिवशी इलेक्ट्रिशियन नेमका गावी असतो.

खर्चाचा मोठा गैरसमज आहे. कमी वस्तू म्हणजे कमी खर्च असं लोकांना वाटतं. स्कर्टिंग, बीडिंग, दाराची चौकट, कॉर्निस, या सगळ्या पट्ट्या काय करतात तर कारागिराच्या चुका झाकतात. त्या काढल्या की भिंत सुतात हवी, कोपरा काटकोनात हवा, आणि आपल्या भिंती चिऱ्याच्या असोत की ब्लॉकच्या, त्या सुतात नसतात. त्यावर भिंतीलगत खाली सोडणारा लाईट लावला की थापीचा प्रत्येक फटकारा दिसतो. ते सरळ करायला पुट्टीचे हात वाढतात, मजुरी वाढते. स्कर्टिंग तर काढूच नका, तीन इंचाची का होईना ठेवा, आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसतात, वर्षाभरात भिंतीचा खालचा पट्टा काळा होतो. स्कर्टिंगच्या जागी ती आत गेलेली खाच करतात ना, तिच्यात मुंग्या आणि केर, एवढंच सांगतो.

सामानाचं गणित मात्र आधी करा, डिझाईन नंतर. किती फूट कपडे टांगायचे, घड्या किती, सुटकेसी किती, चवथीला येणाऱ्यांच्या गाद्या किती, माटोळीचं म्हणजे चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, आणि देवाचं सामान घरात कुठे असतं. हे सगळं लिहून काढलं की बहुतेक वेळा कळतं की लॉफ्ट लागणारच आहे. मग तो छतापर्यंत घ्या आणि भिंतीच्याच रंगात, दिसत नाही. जे लॉफ्टमध्येही मावत नाही आणि तीन वर्षांत काढलेलं नाही ते कोणाला तरी द्या. सासूबाईंची वस्तू असेल तर त्यांना विचारून, नाहीतर मिनिमलिझम राहील बाजूला.

थोडक्यात काय तर तुमचा फोटो करता येतो, पण बेडला पाय, कपाटाला श्वास घ्यायला जागा, खिडकीला खरे पडदे आणि पांढऱ्याच्या जागी चुन्याची कोमट छटा, एवढं बदलून. भिंती मोकळ्या ठेवायच्या तर खुशाल ठेवा, त्याचा तोटा मला तरी दिसत नाही, पुढे फोटो लावावासा वाटला तर खिळा कधीही मारता येतो.

तुम्ही लिहिलंय पुढच्या महिन्यात काम सुरू करायचंय. पावसात पॉलिशचं काम काढू नका, हवेतल्या दमटपणाने पॉलिश पांढुरकं पडतं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशला बुडबुडे येतात. सुतारकाम दसऱ्यानंतर. तोवर एक करा, पश्चिमेच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचं पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर भिंतीतच ओल आहे, म्हणजे बिल्डरला आत्ताच पकडून बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर त्रास हवेचा आहे, भिंतीचा नाही. काय निघालं ते कळवा, मग कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते सांगतो.